पायाळूची लाथ

मी आता कुणाच्या पाठीला पाय लावत न्हाई. परवा शेजारच्या गावची एक बाई आली, नवऱ्याच्या पाठीत उसण भरलीया म्हणून. मी दारातनंच म्हणलं, बाई, आल्या वाटंनं जा. फणकाऱ्यानं गेली. जाऊ दे गेली तर.

मी अंबूबाई, कुंडलची. आईच्या पोटातनं पायाकडनं आले, म्हणून पायाळू. पायाळू माणसानं तीनदा लाथ मारली की पाठीतली उसण जाती, असं सगळा मुलूख म्हणतो. कळायला लागल्यापास्नं मी लोकांच्या पाठीत लाथाच मारत आले. त्याचा मला तोरा बी हुता, खोटं कशाला बोलू.

आकाराम माझा धाकटा भाऊ. मिलिटरीत हवालदार हुता. दुष्काळाच्या साली त्येच्या दोन्ही किडन्या गेल्या. अंगभर सूज, लघवी बंद. दक्षिणेतल्या एका मोठ्या दवाखान्यात माझी एक किडनी काढून त्येला बसवली. दुसऱ्या दिवशी नर्सनं मला त्येच्या लघवीनं भरलेली बाटली दाखवली. लोक देवाचं तीर्थ बघून हात जोडत्यात, मी त्या बाटलीला जोडलं.

घरी आल्यावर रोज गोळ्या. अंगानं परकी किडनी टाकून दिऊ नये म्हणून, आन त्या बी जन्मभर. गोळ्यांनी त्येचं तोंड भाकरीगत टम्म फुगलं. गाव म्हणायचं, आकारामानं काय बाळसं धरलंय गड्या. मला बी बरं वाटायचं. मूर्ख मी, नुसतं तोंड बघत बसले.

दोन वर्सांनी त्येची पाठ धरली. महिनाभर कण्हत हुता. शेवटी त्येची बायको चंद्राबाई त्येला माझ्याकडं घिऊन आली.

"आवं वन्सं, उसण भरलीया ह्यास्नी. जरा पाय लावा की."

मी आकारामाला विचारलं, "मारू का रं?"

त्येनं माझ्याकडं बघितलं न्हाई. "मार," म्हणला.

खांब धरून वाकला. पहिली मी हळू मारली, दुसरी हळू मारली. तिसरी जरा जोरात, कारण उसण तिसरीलाच निघती. त्येचं हात खांबावरनं सुटलं आन त्यो जागच्या जागी खाली बसला. वरडला न्हाई. घाम फुटला हुता नुसता. "आक्का, मला उठवू नगंस," एवढंच म्हणला.

जीप करून मिरजेला नेला. तिथल्या डॉक्टरनं फोटो काढून उजेडाला धरला. दोन मणके चेपलं हुतं. एक जुना, त्येच्यानंच महिनाभर पाठ दुखत हुती. दुसरा ताजा. दुसरा कुणाचा, ते मला सांगायला डॉक्टर लागत न्हवता.

"या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात," डॉक्टर म्हणाला. "ऑपरेशन झालं तिथं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं हुतं," आकाराम म्हणला. "वझं उचलू नगं, पाठीला दणका बसू दिऊ नगं, म्हणलं हुतं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डॉक्टर बाहेर जायची बी वाट बघितली न्हाई मी.

"आरं मुडद्या, मग मार म्हणलास कशाला?"

त्येनं भिंतीकडं तोंड फिरवलं. "आक्का, तू पोट फाडून किडनी दिलीस. वर तुला सांगू, की तरी बी मी धड न्हाई? गाव म्हणत हुतं बाळसं धरलं. मला बी तसंच समजून ऱ्हायचं हुतं."

"म्हणजे माझी दया केलीस व्हय? आन माझ्या पायानं तुझं हाड मोडलं, ते आता मी कुठं नेऊन टाकू?"

घरी येताना मी रस्ताभर बोलत हुते.

डॉक्टरनं निघताना बजावलं हुतं, महिना-दोन महिने निजून ऱ्हायचं, पर गोळी एक दिवस बी चुकवायची न्हाई. गोळी बंद झाली की किडनी गेली.

आठ दिवसांनी मी त्येची उशी झटकायला घेतली तर खालनं गोळ्या घरंगळल्या. तीन दिवसांच्या.

चंद्राबाई दारात उभी हुती. "मीच म्हणलं घिऊ नगा. हाडं खाती ती गोळी, वन्सं. तुमी बघितलं न्हाई का?"

"बघितलं. तुझ्यापरीस जास्त बघितलं," म्हणलं, आन आकारामाकडं वळले. "ती किडनी तुझ्या पोटात आसंल, पर हाय माझी. तिला मारायचा हक्क तुला कुणी दिला रं?"

"आन एकेक मणका असाच मोडत गेला तर? जन्मभर निजून काढू?"

गोळी हाडं खाती, हे खरंच हाय. त्येला ती रोज चारायची म्हंजे काय, ते मला कळत हुतं. आन त्या कळण्याचाच मला लय राग आला. चंद्राबाईचा न्हाई, त्येचा न्हाई, गोळीचा बी न्हाई. मी खाली बसले, एक गोळी उचलली, पदराला पुसली आन पाण्याचा तांब्या पुढं वढला.

"नीज. कुबडा हो. उचलून न्हाणीत नेईन तुला," मी म्हणलं. "पर मुतत ऱ्हा."

त्येनं गोळी गिळली. मी त्येला तोंड उघडायला लावलं आन जिभेखाली बोट फिरवून बघितलं.