डावा गाल

चेहऱ्यांची तिला कधी धास्ती वाटली नव्हती. मुरुम असोत, वांग असोत, कोंड्याने सोललेल्या भुवया असोत नाहीतर रोज दाढी करून चिडलेले गळे, समोर येईल त्या चेहऱ्याची हनुवटी अलगद धरून ती त्याला खिडकीच्या उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "होईल की बरं." बहुतेक वेळा व्हायचंही.

पण बाळंतपणाची रजा संपवून ती त्वचेच्या दवाखान्यात परतली तेव्हा तिच्या स्वतःच्याच गालावर मोहरी पेरल्यासारख्या पुळ्या उगवल्या होत्या. फक्त डाव्या गालावर, कानापुढून जबड्यापर्यंत. उजवा गाल साफ, कपाळ साफ.

"बाळंतपणानंतर हार्मोन्स वरखाली होतात," तिने आरशातल्या बाईला समजावलं, अगदी पेशंटला समजावावं तसं. अंगावर पाजत होती म्हणून गोळ्या नकोत. पाजणाऱ्या आईला चालेल असं सौम्य मलम तिने निवडलं. ढब्बू झोपला की लावायचं, तो उठायच्या आत धुऊन टाकायचं. ढब्बू म्हणजे तिचा मुलगा. गोल, टकलू आणि आई दिसली की हातपाय एकदम चालू करणारा. मलम चांगलं होतं, तिचा हात जाणता होता, तरी गाल काही ऐकेना.

"मॅडम, मास्क लावा ना," नर्सने सुचवलं. "सगळेच लावतात."

"लोकांना तोंड उघडं करायला सांगायचं आणि आपण झाकून बसायचं? मला नाही जमणार."

बोलायला सोपं होतं. दवाखाना चालवणाऱ्या मोठ्या मॅडमनी चेहऱ्याची ओपीडी यंदापासून तिच्या हवाली केली होती आणि पेशंट आत आले की आधी तिच्या गालाकडे बघत, मग दाराकडे. एक बाई तर "मोठ्या मॅडम असतील तेव्हाच येते" म्हणून खुर्चीतून उठून गेल्या. असंच चाललं तर कोणी काही न बोलता ओपीडी परत मोठ्या मॅडमकडे जाईल, हे तिला दिसत होतं. तिला ती हवी होती. हे काम तिला येत होतं, आवडत होतं, आणि गालावरच्या चार पुळ्यांपायी ते सोडायची तिची मुळीच तयारी नव्हती.

अशातच एक मुलगी तिच्या मावशीबरोबर आली. मुलगी ओढणी गालावर धरून बसली. मावशी उभीच राहिली.

"आम्हाला मोठ्या डॉक्टर हव्या होत्या," मावशी म्हणाली. "बाहेर म्हणाले, आज ह्याच आहेत."

"हो, आज मीच आहे. बसा ना." तिने मुलीची ओढणी बाजूला केली, हनुवटी उजेडाकडे वळवली. उजव्या जबड्यावर लाल, दुखऱ्या गाठी. भोवती कातडी भाजल्यासारखी. "काय काय लावून झालंय?"

मुलीने मावशीकडे पाहिलं.

"लिंबू," मावशी म्हणाली. "टूथपेस्ट. आणि शेजारणीकडे एक क्रीम आहे, तिला फार गुण आला."

"शेजारणीचं क्रीम शेजारणीच्याच गालाला राहू दे. लिंबू जेवणात, टूथपेस्ट दातांना." मुलगी खुदकन हसली. "आता ऐक. साध्या फेसवॉशने दोनदा तोंड धुवायचं, घासायचं नाही. हे जेल रात्री, वाटाण्याएवढं, अख्ख्या गालाला मिळून. उशीचा अभ्रा जुना घे, ह्याने कापडाचा रंग उडतो. आधी कोरडं पडेल, घाबरून बंद करू नकोस. आणि फोडायच्या नाहीत."

"एकसुद्धा?"

"एकसुद्धा. डाग पडतात आणि ते जायला पुळीपेक्षा जास्त वेळ घेतात." तिने मुलीचा दुसरा गाल उजेडाकडे वळवला. "पण डाव्या बाजूला एकही नाही. उजव्या गालाला दिवसभर काय टेकतं तुझ्या?"

"टेकतं म्हणजे?"

"हात, मोबाइल, हेल्मेट. काहीही."

मुलीचं बोट आपसूक जबड्यावर गेलं. "हेडफोन. मी फोनवर लोकांच्या तक्रारी घेते. त्याची माइकची दांडी इथे येते."

"तुझा स्वतःचा?"

"छे. आधीच्या पाळीचा माणूस काढतो, मी घालते. कधीकधी गरमच असतो."

"सापडला चोर," ती म्हणाली आणि लिहायला लागली. "स्वतःचा मागून घे. नाहीच मिळाला तर रोज पुसून घाल आणि दांडी गालापासून लांब वळव."

मावशी एव्हाना पर्स घट्ट धरून बसली होती. आता ती खुर्चीत पुढे सरकली. "आणि तुमच्या डाव्या गालाला काय टेकतं हो, डॉक्टर?"

"मावशी," मुलीने तिचा पदर ओढला.

पेन कागदावरच राहिलं. संध्याकाळी घरी गेल्यावर हात धुऊन होतात न होतात तोच ढब्बू झेप घ्यायचा. नेहमी डाव्या खांद्यावर. उजव्या खांद्यावर घेतलं की तो असा गळा काढायचा की जणू दुसऱ्याच कोणी उचललंय. आणि मग त्याचं ते टकलू डोकं, सासूबाईंनी नुकतंच तेल जिरवलेलं, चकचकीत, ऊबदार, तिच्या गालाच्या खोबणीत नेमकं बसायचं. झोपेपर्यंत.

"माझा मुलगा," ती म्हणाली.

"आं?"

"माझा मुलगा टेकतो. आणि त्याच्या डोक्याला घरचे वाटी वाटी तेल लावतात." तिला हसू आवरेना. "आणि मी इतके दिवस हार्मोन्सना शिव्या घालतेय. मावशी, या, माझ्या खुर्चीत बसा तुम्ही."

मावशी हसली नाही, पण पर्सवरची तिची पकड सैल झाली. "म्हणजे तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं. आता झालं. हिचं नि माझं औषध एकच आहे, टेकतं ते आधी आवरायचं. दोन महिन्यांनी या, दोघींचे गाल बघू."

घरी सासूबाईंना सांगायचं कसं, याची मात्र तिने वाटेत चार प्रकारे तयारी केली आणि दारात पाऊल टाकल्यावर पाचव्याच प्रकारे बोलून गेली.

"आई, तुमचं तेल माझ्या गालाला चढलंय."

सासूबाईंनी ढब्बूला सरळ धरून त्याचं डोकं निरखलं, मग सुनेचा गाल, मग पुन्हा डोकं. "म्हणजे माझ्या हातामुळे?"

"हात उत्तम आहे. वेळ तेवढी चुकतेय."

"तुझ्या नवऱ्याला मी असंच लावायचे. माझ्या गालाला कधी काही झालं नाही."

"कारण ते तुमच्या खांद्यावर टिकायचेच कुठे? तुम्हीच सांगता, सारखे पळायचे म्हणून."

सासूबाईंना हसू आलं आणि ते लपवायला त्यांनी ढब्बूचं झबलं उगाच नीट केलं. "बरं. सकाळी आंघोळीच्या आधी लावीन, धुऊन टाकीन. संध्याकाळी कोरडं पोर मिळेल तुला. पण खांद्यावर घ्यायचं सोडायचं नाही हं. दिवसभर दाराकडे डोळे लावून असतो तो."

"ते कोण सोडतंय," ती म्हणाली आणि ढब्बूला घेतलं. खांद्यावर मात्र आधी एक धुतलेला पंचा टाकला.

दोन महिन्यांनी मुलगी आली तेव्हा ओढणी गळ्यात होती. गाठी बसल्या होत्या, तपकिरी डाग उरले होते, तेही फिकट. पण मावशीचं लक्ष भाचीकडे नव्हतंच. ती थेट टेबलाला वळसा घालून आली, डॉक्टरची हनुवटी धरली आणि तिचं तोंड खिडकीकडे वळवलं.

डावा गाल जवळजवळ साफ होता. एक चुकार पुळी होती, तीही वाळलेली.

"हं," मावशी म्हणाली. मग ती खुर्चीत बसली, चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन्ही गालांवर, चष्म्याखाली लपलेले, वांगांचे जुने पट्टे. "हिचं राहू द्या थोडं. आता माझं बघा. आणि शेजारणीचं क्रीम मीही लावलंय, आधीच सांगते."

तिने मावशीची हनुवटी अलगद धरली. "होईल की बरं," ती म्हणाली. "सांगा, दिवसभर उन्हात किती असता?"