विहाराच्या पत्र्यांचा चेक

माझ्या जिवलग मित्रानं मला फसवलं, आणि हे मला दुर्गच्या दुकानदाराकडून कळावं! सायकलची चेन बदलायला थांबलो होतो. त्याच दुकानात रेडिओही विकायला असत. दुकानदार तोंडभर हसत म्हणाला, "बधाई हो, देवीदासभाऊ! दामाद के लिए रेडिओ बढिया है. समधी बोल गए, आपका चेक भुनते ही ले जाएंगे."

माझं डोकंच फिरलं. समधी म्हणजे माझा होणारा व्याही, पुंडलिक. नागपूरला आम्ही एका रांगेत बसून धम्माची दीक्षा घेतली. भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा एकाच गाडीनं इथं आलो. त्याच्या मुलाला माझी ललिता द्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या रिसाली वस्तीच्या सभेत मी उभा राहून सांगितलं होतं, हुंडा नाही, आहेर नाही. लग्नात जे उडवायचं ते विहाराच्या छपरावरच्या पत्र्यांना देईन. विहाराचं स्वतःचं खातं नव्हतं. म्हणून चेक खजिनदाराच्या नावानं लिहिला, आणि खजिनदार पुंडलिक! आयुष्यात लिहिलेला माझा पहिला चेक. सभेनं टाळ्या वाजवल्या. त्याच चेकचा हा हुंडा करायला निघाला होता.

तसाच कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत गेलो. चेक अजून वटला नव्हता. "रोकना है तो यहां दस्तखत करो," बाबू म्हणाला. सही केली. त्यानं जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि मान हलवली. "ये तो आपकी लगती ही नहीं." रागाच्या भरात मी अर्धंच नाव खरडलं होतं. बाबूनं बसवलं, पाणी पाजलं, तेव्हा कुठं सही जुळली. चेक थांबला. मला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुंडलिक घरी आला. चेक घेऊन पतसंस्थेत गेला होता आणि हात हलवत परतला होता. चपला न काढताच त्यानं विचारलं, "देवीदास, चेक कावून थांबवला?"

"मलेच विचारून राहिला? विहाराच्या पैशानं पोराले रेडिओ घेतं काय रे? लाज नाही वाटत?"

मग मी तोंडाला येईल ते बोललो. त्याच्या बापापर्यंत गेलो. मी एवढी आगपाखड करतोय आणि हा माणूस माझ्याकडं बघतच नाही. माझ्या बायकोकडं बघतोय.

चंपा शेगडीपुढून उठली. "भाऊले नका बोलू. मीच सांगतलं होतं. पोरगी रिकाम्या हातानं गेली तं नात्यागोत्यात तिले कोण मान देईन? पत्रे पुढच्या वर्षी टाकता येतीन. भाऊ नाहीच म्हणत होते. मी पाया पडली, तवा तयार झाले."

"अन् मले? मले कावून नाही सांगतलं?"

"तुमाले सांगतलं असतं तं तुमी सभा भरवली असती."

हे मात्र जिव्हारी लागलं. दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून हीच माझ्या शेजारी बसली होती. प्रतिज्ञा माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणत होती. पुंडलिकवर निदान चिडता तरी आलं.

पुंडलिक "येतो" म्हणाला आणि जय भीम न करताच निघून गेला. मीही त्याला थांबवलं नाही.

आतल्या दारात ललिता उभी होती. मॅट्रिक झालेली माझी पोर. सभेतलं माझं भाषण तिनंच चांगल्या अक्षरात उतरवून दिलं होतं. या घरात एक तरी माणूस आपलं आहे असं वाटून मी तिला जवळ बोलावलं.

"ललिता, तुले तरी हे माहीत नव्हतं ना?"

तिनं मान खाली घातली.

"रेडिओ मीच पसंत केला, बाबा."

"कोणता?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.