हरियाल भुईला पाय लावत नाही

मी एक म्हातारा हरियाल आहे, मित्रांनो. पोपटी अंग, पिवळे पाय, जातीने कबूतर. पण तुमच्या गच्चीवर घुमणारी कबुतरं वेगळी. आम्ही रानातले, उंबरांवर जगणारे. माझा जन्म पेठकडच्या डोंगरावरच्या देवराईत झाला. चौऱ्याण्णव साली खाली धरण झालं, गाव उठलं, पाणी चढत गेलं आणि आमच्या डोंगराचा माथा तेवढा बेट होऊन उरला.

काठावरचं रान लोकांनी तोडून नेलं. आमचे काही भाऊबंद दिंडोरीकडे गेले. तिथे नजर जाईल तिकडे द्राक्षबागा, वर जाळ्या आणि औषधाच्या फवाऱ्याचा वास. त्यातले फारच थोडे परत आले. उंबर आता बेटावरच होते, म्हणून आम्हीही बेटावरच राहिलो.

इथली माणसं मात्र आम्हाला मारत नसत. त्यांची समजूत अशी, की हरियालने धरतीला शब्द दिलाय, तुझ्यावर पाय ठेवणार नाही. पाणी प्यायलासुद्धा तो पायांत काडी धरून उतरतो आणि काडीवरच उभा राहतो म्हणे! असली कसरत माझ्या बापजाद्यांनीही केली नव्हती. आम्हाला फळांतूनच पाणी मिळतं, म्हणून खाली उतरावं लागत नाही, एवढंच. पण त्या समजुतीने आमचा जीव वाचत होता, मग मी कशाला तक्रार करू?

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात उंबरांना फळच धरलं नाही. घरट्यात पिल्लू होतं. माझी जोडीदारीण तहानेने कासावीस होऊन काठावरच्या चिखलात उतरली. मासे धरायला आलेल्या सहादूने गलोल ताणली. होडीतून त्याची आत्या कुसाबाई ओरडली, "सहादू, हरियाल हाय तो! देवाचा हाय!"

"नाय आत्या. हरियाल भुईला पाय लावतो का कधी? हे दुसरंच पाखरू हाय."

दगड सुटला आणि ती जागीच गेली. कुसाबाईने होडीतून उतरून तिला ओंजळीत उचललं, तिचे पिवळे पाय पाहिले.

"तहानलं असंल तं काय करंल रे ते?"

सहादू दुष्ट नव्हता, मित्रांनो, म्हणून तर मला जास्त भीती वाटते.

आम्ही नर-मादी दोघंही पिल्लाला आपल्या गळ्यातलं दूध भरवतो. त्या दुधाला पाणी लागतं, आणि सहादू तर तिथेच उभा होता. मी वाळकी काडी तोडली, पायांत धरली आणि धडपडत खाली उतरलो. काडी निसटत होती. सहादूने हात जोडले. मी त्याच्यासमोर पाणी प्यालो, आणि त्या पाण्याची मला आजही लाज वाटते.

पिल्लू जगलं. माझी ती लेक आता मोठी झाली आहे. यंदाही उंबर सुकले आहेत. तिला काडी धरायला काही केल्या जमत नाही, तहान लागली की ती सरळ चिखलात उतरते. मी फांदीवरून ओरडत राहतो. माझं कोण ऐकतं? तुम्ही तरी त्या माणसांना सांगा, लवकर सांगा. पाय टेकले तरी ती हरियालच आहे.