सवलतीचे कारण

सावूसावू या बेटावरच्या गावातल्या आमच्या दुकानात एखादी वस्तू छापील किमतीला विकली गेल्याचे मला आठवत नाही. माझ्या आठवणीवर फार विसंबू नये, पण या बाबतीत गावात दुमत निघेल असे वाटत नाही. पत्रे, खिळे, रंग, दोरखंड, पहारी, दिवे असे सगळे आम्ही विकतो. धनजीभाई शेठ गल्ल्यावर बसत तेव्हाही वस्तूवर किमतीची चिठ्ठी असे. ती गिऱ्हाइकाला बोलण्याची सुरुवात कुठून करावी हे कळावे म्हणून. कोणी म्हणे, "शेठ, तुमच्या मुलीच्या लग्नात मांडव मी उभा केला होता." कोणी म्हणे, "तुमच्या कारकुनाचा शेजारी माझा साडू." कारकून म्हणजे मी. शेठ मान हलवत आणि किंमत उतरे. त्याला सवलत म्हणतात हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला भाव म्हणत होतो.

मग शेठचे गुडघे गेले आणि ते ऑकलंडला थोरल्या लेकीकडे राहायला गेले. तिकडून त्यांचा धाकटा मुलगा निकुंज आला. त्याच्याबरोबर हिशेबाचे सॉफ्टवेअर आले. निकुंज फार हुशार आहे. तसे त्याने मला स्वतः अनेकदा सांगितले आहे.

"काका," तो म्हणाला, "यापुढे ऑर्डर नोंदवताना सवलत द्यायची तर यादीतलं कारण निवडायचं. कारण नाही तर सवलत नाही. सरळ हिशेब."

कारण आहे पण ते यादीत नाही, तर काय करायचे, असे मी विचारणार होतो. पण मला सुचते ते समोरचा माणूस खोलीबाहेर गेल्यावर.

यादीत चार कारणे होती. घाऊक खरेदी, जुना माल, कर्मचारी आणि खराब माल. माणसाने माणसाला एखादी वस्तू स्वस्तात का द्यावी, याची जगात एवढीच कारणे आहेत, हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी शोधून काढले होते. मी जन्मभर पुस्तके वाचत आलो, पण इतके मोठे सत्य इतक्या थोडक्यात मला कुठे सापडले नाही.

काउंटरवर विलिसी असते. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर शाळेतल्या मास्तरांची विधवा उभी राहिली. मास्तरांच्या कबरीभोवतीच्या कठड्यासाठी तिला पांढरा रंग हवा होता. विलिसीने 'घाऊक' निवडले. यंत्राने कंपनीचा नोंदणी क्रमांक मागितला. 'जुना माल' निवडले, तर माल दुकानात आल्याची तारीख मागितली, आणि ती वर्षाहून जुनी हवी. 'कर्मचारी' म्हटल्यावर कर्मचाऱ्याचा क्रमांक. 'खराब माल' म्हटल्यावर मात्र त्याने काहीच विचारले नाही. वाईटावर यंत्राचा चटकन विश्वास बसतो.

"मोमो!" तिने आतल्या खोलीकडे बघून मला हाक मारली. मोमो म्हणजे मामा. मी तिचा मामा आहे, हे तिने फार वर्षांपूर्वी ठरवले. मला विचारले नव्हते. "डब्याला पोचा असला तर माल खराबच म्हणायचा ना?"

"कुठल्या डब्याला?"

तिने रंगाचा डबा उचलून काउंटरच्या कडेवर दाणकन आपटला. "ह्या."

पुढे पुढे तिने आपटणेही सोडून दिले. नुसते बटण दाबू लागली.

महिनाअखेरीला अहवाल निघाला. यंत्राच्या मते आमच्या दुकानातून एकही धड वस्तू बाहेर गेलेली नव्हती. हातोडे खराब, दोरखंड खराब, पहारीसुद्धा खराब. प्रत्येक ओळीपुढे विलिसीचे नाव होते. निकुंजने आधीच एक नियम घालून ठेवला होता. ज्याच्या नावावर मर्यादेपेक्षा जास्त किमतीचा माल खराब होईल, त्याचे नाव यंत्र आपोआप कुलूपबंद करणार आणि त्याला काढल्याचे पत्र छापणार. माणसे भिडस्त असतात, यंत्र नसते, असे त्याचे म्हणणे. शेठ ई-मेल उघडत नाहीत, म्हणून अशा पत्राची प्रत टपालाने ऑकलंडला धाडायची. ते काम माझे.

"पहार कशी मोडली, विलिसी?" निकुंजने विचारले.

"पहार कशाला मोडेल, बॉस?"

"इथे खराब लिहिलंय."

"पहारीचं नाही ते. गिऱ्हाइकाचे दिवस खराब होते."

"शुक्रवार तुझा शेवटचा दिवस," निकुंज म्हणाला. पत्र काय म्हणत होते ते तिला त्याने वाचूनही दाखवले. वाचताना त्याचा आवाज चांगला लागतो.

दुपारी विलिसीने उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचा डबा उघडला आणि तसाच मिटला. "माझ्या लेकीचं, लितीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, मोमो," ती म्हणाली. "फी माझ्या पगारातून जाते. आता परत येईल आणि बसेल माझ्याशेजारी बाजारात खेकडे विकत."

मला काहीतरी मोलाचे बोलायचे होते. मी तिला माझी अर्धी रोटी दिली. रोटीने कॉलेजची फी भरता येत नाही, एवढे मलाही कळते.

शुक्रवारी ती आली ती झाडू घेऊन, कारण काउंटरवर तिचे नाव चालत नव्हते. तिथे निकुंज स्वतः बसला होता. आणि नेमका त्याच दिवशी खाडीपलीकडचा आपेनिसा आला. त्याच्या गावाला सभागृहावर नवे पत्रे घालायचे होते. ऑर्डर मोठी होती.

आपेनिसाचे गाव आणि विलिसीचे गाव तौवू आहेत. दोन्ही गावांचा मूळ देव एक, त्यामुळे एकमेकांना वाटेल ते बोलायचे, वाटेल ते मागायचे आणि रागवायचे कोणीच नाही.

"ए चिखलखाऊ!" आपेनिसा दारातूनच ओरडला. "तुला अजून कामावर ठेवलंय? दुकानाचे दिवस फिरलेले दिसतात."

"आजच काढतायत. तुला वास बरा लागला! आंघोळीला पाणी नाही तुमच्या गावात, आणि पत्रे कसले घालताय?"

"पत्रे तुझ्या पूर्वजांकडून येणं आहेत. आमची होडी पळवली त्यांनी."

"होडी? डुकरांना खायला घालायची लाकडी डोण होती ती."

निकुंज घाबरून उभा राहिला. "माफ करा साहेब. हिला मी काढलेलंच आहे—"

"का?" आपेनिसाने काळजीने विचारले. "शिव्या कमी पडतात तिच्या?"

मग भाव निघाला. निकुंजने छापील किंमत सांगितली. आपेनिसा इतका हसला की त्याला सिमेंटच्या गोणीवर बसावे लागले. "पोरा, तुझा बाप बरा आहे ना रे?" हसू ओसरल्यावर त्याने एवढेच विचारले. मग तो उठला आणि पलीकडच्या दुकानाकडे बघत उभा राहिला.

"थांबा, थांबा. बारा टक्के सोडतो," निकुंज म्हणाला.

मी चहाचा कप घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभा होतो. निकुंजने 'घाऊक' निवडले. गावाला कुठला आलाय नोंदणी क्रमांक! 'जुना माल' निवडले. पत्रे नुकतेच बोटीने आलेले. त्यांत बघून दाढी करता आली असती. 'कर्मचारी' म्हणावे, तर आपेनिसा कोणाचाच कर्मचारी नव्हता, त्याच्या बायकोचा सोडून. निकुंजने वर पाहिले. विलिसी अगदी मन लावून एकच फरशी झाडत होती. त्याने माझ्याकडे पाहिले. मी चहात पाहिले.

त्याने 'खराब माल' दाबले.

माझ्या खोलीतला प्रिंटर लगेच कुरकुरला. दोन कागद आले. एक पत्र्यांची पावती. दुसऱ्यावर वर नाव होते, श्री. निकुंज धनजी सोलंकी. सततचा निष्काळजीपणा, मालाची अक्षम्य नासधूस, आपली सेवा समाप्त. यंत्राची भाषा रूक्ष असते असे माझे मत होते. ते मी त्या दिवशी बदलले.

पावती मी आपेनिसाला दिली. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला. "खराब माल! विलिसी, तुझ्या दुकानाने आमच्या देवाच्या माणसांना मोडके पत्रे विकले! हा कागद मी सभागृहात टांगणार. तुझी नातवंडं माना खाली घालून फिरतील."

"टांग की. गळायला लागलं तर तोच खाली धर."

निकुंज बटणे दाबत होता. यंत्र त्याला ओळखत नव्हते. कुलूप फक्त व्यवस्थापक काढू शकतो, असे ते सांगत होते. व्यवस्थापक तर हाच.

मी त्याच्यापुढे दुसरा कागद ठेवला आणि विलिसीचाही ठेवला, कारण तो टपालात टाकायचा राहून गेला होता. तसा मी मुळात चेंगटच आहे. "निकुंजभाई," मी म्हटले, "शेठना दोन्ही पत्रं एकाच पाकिटात घालू का? तिकिटाचे पैसे वाचतील."

मला खरोखर तिकिटाचेच म्हणायचे होते. निदान बोलायला सुरुवात केली तेव्हा तरी.

निकुंजचे कान लाल झाले. त्याने दोन्ही पत्रांची घडी घालून खिशात टाकली. "यंत्राची चूक आहे," तो म्हणाला. आम्ही तिघांनीही माना डोलावल्या. त्या दुकानात इतके एकमत कधी झाले नव्हते. "विलिसी, सोमवारी वेळेवर ये."

"मी रोज वेळेवरच येते, बॉस. कुलूप तुमचं आहे."

त्याने सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. तिकडच्या मुलीने त्याचे कुलूप काढले, मग विलिसीचेही काढले. कारणांच्या यादीखाली अधिकचे चिन्ह आहे, असेही तिने सांगितले. ते दाबून हवे ते कारण लिहिता येते. पहिल्या दिवसापासून.

आता यादीत पाचवे कारण आहे, नाते. ते निवडल्यावर यंत्र काही विचारत नाही. महिनाअखेरीच्या अहवालाप्रमाणे सगळे सावूसावू आमच्या नात्यात आहे. निकुंज शेठना फोनवर याला गिऱ्हाईक टिकवण्याची आपली नवी योजना म्हणतो. शेठ पलीकडून "वा, वा" म्हणतात. लितीची फी वेळेवर जाते.

शनिवारी मी वाचायला एक दिवा घेतला. काउंटरवर विलिसी होती. ती 'नाते' दाबणार हे उघड होते. मी चेहऱ्यावर थोडा संकोचसुद्धा आणून ठेवला होता.

तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळले आणि 'जुना माल' दाबले. यंत्राने माल दुकानात आल्याची तारीख विचारली. तिने मी नोकरीला लागलो ते साल घातले.

यंत्राने तत्काळ मंजूर केले.