आधी अक्ष वाच

अपेक्षाला विज्ञानाचं पुस्तक तोंडपाठ होतं आणि तीच तिची अडचण होती. दहावी झाली होती. एका महाविद्यालयात अकरावी-बारावी विज्ञानाची मोफत तुकडी होती आणि तिच्यासाठी निवडपरीक्षा द्यावी लागे. निवड झाली तर पोरगी पुण्यात आईबापाजवळ. नाहीतर वाशीमला मावशीकडे, कारण इथली कॉलेज आणि क्लासची फी बद्रीनाथला, तिच्या बापाला, कारखान्याच्या पगारात झेपणारी नव्हती.

सराव परीक्षेत तिचे आलेखांचे आणि तक्त्यांचे झाडून सगळे प्रश्न चुकले. क्लासच्या सरांनी सांगूनच ठेवलं होतं की आलेख वेळ खातात, सोडून द्या. पण या परीक्षेत निम्मे प्रश्न आलेखांचेच. सोडायचे म्हटले तर उरायचं काय, डोंबल?

विश्रांतवाडीत त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर हेमाबाई राहत. उभी हयात सदाशिव पेठेतल्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्या. पेठ सुटली, पण पेठेची जीभ बरोबर आली. अपेक्षाच्या आईने, मुक्ताईने, त्यांना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, पाठवा, पण रडायला पाठवू नका. तशी सोय आमच्याकडे नाही.

पहिल्याच दिवशी बाईंनी कागदावर आलेख काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर घरापासूनचं अंतर. रेघ वर चढली, मग बराच वेळ सपाट गेली, मग खाली आली. आमचे हे सकाळी दूध आणायला गेले, काय काय झालं ते सांग, म्हणाल्या. अपेक्षाने ठामपणे सांगितलं की काका टेकडी चढले, माथ्यावरून सरळ चालत गेले आणि पलीकडे उतरले.

सोफ्यावर पेपर वाचत बसलेले दिगंबरकाका चष्मा पडेस्तोवर हसले. बाई हसल्या नाहीत.

"यांच्या गुडघ्यांना विचारलंस का टेकडीचं?" त्या म्हणाल्या. "हे चित्र नाही. आधी अक्ष वाच. वेळ जातोय आणि अंतर वाढत नाही, म्हणजे माणूस काय करतोय?"

"उभा आहे?"

"कोपऱ्यावर. गप्पा मारत. आणि घरी चहा खोळंबलाय."

काकांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

त्या दिवसापासून नियम झाला. अक्षावर बोट ठेवायचं, काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचं, मगच प्रश्नाकडे बघायचं. अपेक्षा सवयीने पुस्तकातलं उत्तर ठोकून द्यायची आणि बाई थंडपणे म्हणायच्या, तुला काय माहीत आहे ते कुणी विचारलेलं नाही, समोर काय आहे ते विचारलंय. तिला राग यायचा. पण हळूहळू गंमत वाटायला लागली. काकांच्या पेपरातला धरणांच्या पाणीसाठ्याचा तक्ता ती वाचू लागली, आणि खडकवासल्याचा साठा गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त यावर काकांशी चक्क वाद घालू लागली. त्या वादात एकदा ती जिंकली, तेव्हा दिवसभर जमिनीवर पाय नव्हते.

परीक्षेत आलेख आला: समुद्रसपाटीपासूनची उंची आणि पाणी उकळण्याचं तापमान. दोन हजार मीटरवर पाणी किती अंशांना उकळेल? पहिला पर्याय शंभर. शंभर तर तिसरीतल्या पोरालाही ठाऊक. हात तिकडे निघालाच होता, पण बोट अक्षावर गेलं आणि तोंडही सवयीने सुटलं: "आडव्या अक्षावर उंची, मीटरमध्ये..."

"मनात वाचा," पर्यवेक्षक म्हणाले. "कीर्तन नाही हे."

वर्ग खिदळला. अपेक्षाही हसली, आणि हसत हसतच तिने त्र्याण्णव निवडलं.

निकाल बद्रीनाथच्या मोबाइलवर आला. गुण नव्हतेच, महाविद्यालयाने प्रत्येकाला स्तंभालेख पाठवला होता. एक उंच खांब सर्वसाधारण उमेदवाराचा, शेजारी एक बुटका खांब अपेक्षाचा, आणि दोन्हींच्या मधल्या उंचीवर एक तुटक रेघ: निवडीची मर्यादा. बद्रीनाथचा चेहरा पडला.

"तुहा खांब रेघेले टेकलाही नाही, माय," तो हळूच म्हणाला. "जाऊ दे. मावशीले फोन लावतो."

अपेक्षाने मोबाइल हातातून घेतला. सवयीने बोट अक्षावर ठेवलं. मग तिने उभा अक्ष वाचला, एकदा मनात, एकदा मोठ्याने: "तुमच्यापेक्षा जास्त गुण मिळवलेले उमेदवार, टक्के." खांब तीनपाशी थांबला होता. रेघ दहावर होती.

"बाबा, शंभरातले तीनच जण माझ्यापुढे आहेत. रेघेच्या खाली राहायचं होतं. झाली माझी निवड."

मुक्ताई हातातलं पीठ तसंच घेऊन जिन्याकडे धावली, हेमाबाईंना सांगायला. बद्रीनाथ मात्र होता तिथेच खाली बसला. महिनाभर तो लेकीला वाशीमची हवा किती चांगली, मावशीचा जीव किती, हेच समजावत आला होता. आता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

"बरं झालं माय," तो म्हणाला. "तुह्याबिगर या घरात कसं राहावं, तेच मले समजत नव्हतं."