हिरव्या पडद्याचा हेवा

मी एक जुना लॅपटॉप आहे आणि मित्रांनो, मी जळकुकडा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे तुम्ही मला उगाच गरीब बिचारा समजाल.

निकेत सरांनी मला शांती नगरमधल्या एका दुकानातून घेतलं आणि बेव्हर्ली पार्कमधल्या त्यांच्या छोट्याशा कंपनीत आणलं. तिथे रश्मी नुकतीच नोकरीला लागली होती. मी तिच्या टेबलावर गेलो. कंपनीची अ‍ॅप्लिकेशन्स माझ्यात नव्हती. ती दूर कुठेतरी पुष्कळ संगणकांवर मिळून चालायची. त्या जथ्याला क्लस्टर म्हणतात. माझं काम विचारपूस करण्याचं. रश्मी माझ्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची आणि तिकडे काय काय चालू आहे त्याची यादी मी आणून द्यायचो. मग ती एकेका अ‍ॅप्लिकेशनचा आतला तपशील मागायची: आवृत्ती कोणती, कुणी चढवली, कोणत्या माहितीला जोडली आहे. हा कधी थापा मारत नाही, असं ती शेजारच्या अमोलला सांगायची. ते ऐकून माझा पंखा भराभर फिरायचा.

मग भिंतीवर तो आला. मोठा, चकचकीत पडदा. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनसाठी एक चौकोन, चालू असेल तर हिरवा, बंद पडलं तर लाल. लिहायला नको, विचारायला नको. येणारे पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यात माझी बॅटरी गेली. रश्मीला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी खालच्या खणात, जुन्या वायरींच्या गुंत्यात जाऊन पडलो.

खंडेनवमीला तर कहर झाला. निकेत सरांच्या आई रत्नागिरीच्या. त्यांनी ऑफिसातली सगळी यंत्रं ओळीने मांडली, हळद-कुंकू वाहिलं, पडद्याला झेंडूचा हार घातला. माझी कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. पूजेला मांडलेलं दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, एवढं बजावून त्या सरांबरोबर घरी गेल्या. रश्मीची त्या दिवशी ड्यूटी होती, म्हणून ती एकटी थांबली. ती बौद्ध घरातली, स्वतः पूजा करत नाही, पण दुसऱ्याची मांडलेली पूजा तिने कधी विस्कटली नव्हती.

दुपारी तिचा फोन वाजला. पालीहून सुलूताई बोलत होत्या. त्यांचे यजमान नाथा यांना डायलिसिसला नेणारी गाडी आमच्याच अ‍ॅप्लिकेशनवर ठरायची.

"गाडी आली न्हाय अजून," त्या म्हणाल्या. "यांचे पाय सुजलेत. दम लागतोय."

रश्मीने पडद्याकडे पाहिलं. गाडीचा चौकोन छान हिरवा होता. तिने ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, आज पालीचं नाव आलंच नाही मॅडम, दुसरेच पत्ते आलेत आणि तिथे तशी माणसंच नाहीत. तिने त्याला आधी पालीला पिटाळलं. पण बाकीचे रुग्ण कोण, कुठे वाट बघत बसलेत, हे तिलाही कळेना. तिने पूजेतल्या नव्या लॅपटॉपकडे हात नेला, क्षणभर थांबली आणि खाली वाकून माझा खण उघडला.

प्लग लावला. मी जागा झालो. तिने ती जुनी ओळ लिहिली, मी यादी आणली. गाडीचं अ‍ॅप्लिकेशन चालू होतं. तिने आतला तपशील मागितला, आणि मी होतं ते समोर ठेवलं. आदल्या संध्याकाळी पूजेच्या गडबडीत अमोलने नवी आवृत्ती चढवली होती आणि ती सरावाच्या खोट्या रुग्णांच्या माहितीला जोडलेली राहिली होती. म्हणून ते बंद नव्हतं. व्यवस्थित चालू राहून चुकीचं काम करत होतं. रश्मीने जोडणी बदलली. खरी नावं ड्रायव्हरांकडे गेली. थोड्या वेळाने सुलूताईंचा फोन आला, गाडीत बसले म्हणून. मग रश्मीने बाकीच्या रुग्णांनाही एकेक करून फोन लावले.

संध्याकाळी निकेत सर आले. पडद्याला हात जोडून म्हणाले, "बघ, दिवसभर एकही चौकोन लाल झाला नाही."

"सर, नाथाकाका दम लागून बसले होते, तेव्हाही तो हिरवाच होता," रश्मी म्हणाली.

सरांनी सगळं ऐकून घेतलं, गंभीर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात आणखी एक मोठा पडदा मागवला.

मित्रांनो, एक गोष्ट मला नंतर जाणवली. रश्मी मला विचारत होती तेवढा वेळ मी त्या पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. हेवा कुठे गेला होता कोण जाणे. म्हणून तुमच्या घरातली जुनी वस्तू असो की जुनं माणूस, त्याची कीव करू नका, नुसतं पुसून कोपऱ्यात बसवू नका. काहीतरी काम सांगा, काहीतरी विचारा.

दुसरा पडदा आजच भिंतीवर चढलाय. माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलंय. रश्मी, विचार ना गं काहीतरी.