गुळगुळीत पाय

शाळेतल्या मुली पाठीमागे त्यांना 'माशीबाई' म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी एकाच किड्यामागे घालवली होती. तो किडा म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घरटं लिंपणारी कुंभारीण माशी. शाळा सुटली की बाई भिंग घेऊन पडक्या भिंती धुंडाळायच्या. या नादात लग्नाचं राहूनच गेलं. आता घरात त्या, विधवा धाकटी बहीण आणि टाचणीला टोचलेल्या साडेचार हजार माश्या होत्या.

सोमवारी संग्रहालयाची माणसं हा सगळा संग्रह न्यायला येणार होती. शुक्रवारी सकाळी शेवटचा खण तपासता तपासता बाईंचे खांदे भरून आले. त्यांनी बहिणीला हाक मारली.

"जरा बघ गं. मागच्या पायावर केस आहेत ना?"

बहिणीने भिंगाला डोळा लावला. "केस कुठले, ताई? पाय चांगला गुळगुळीत आहे."

"भिंग नीट धर."

"नीटच धरलंय."

बाईंनी पुन्हा पाहिलं. केस होते, बारीक, काळे. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माशी बाजूला सारली आणि भिंगाखाली कोरा कागद ठेवला. केस त्यावरही होते.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "जाळ्या दिसतील अधूनमधून, सवय होईल." सवय झाली होती खरी. त्याच तीन वर्षांत त्यांना 'केसाळ' जात या गावात सापडली होती, आणि त्यावरचा लेख एका मासिकाने मानाने छापला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कौतुकाची पत्रं आली होती.

बहीण हळूच म्हणाली, "कोणाला कळणार आहे? तुला आणि मला, बस."

"दोघी पुष्कळ झाल्या."

बाईंनी संग्रहालयात फोन लावून चूक सांगितली. तिथली अधिकारी मुलगी समजूतदार होती. "तुम्ही दमला असाल, बाई. तशाच पाठवा, आम्ही बघू सवडीने."

"सवड कोणाला मिळते, पोरी?" म्हणत बाईंनी फोन ठेवला.

मग दोघी बसल्या. बहीण भिंगातून बघायची, 'गुळगुळीत' म्हणायची आणि बाई टाचणीवरच्या चिठ्ठीतल्या जुन्या नावावर एक रेघ मारून खाली नवं नाव लिहायच्या. खोडून टाकायचं नाही, चूक दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. 'केसाळ' म्हणून नोंदलेल्या चारशे बारा माश्या होत्या. बहिणीची मान आखडली, बाईंची बोटं वळेनात. शनिवारी एकदा बहीण वैतागून म्हणाली, "चाळीस वर्षं हेच बघत बसलीस? जीव कसा नाही उबगला?"

"उबगला की," बाई म्हणाल्या. "पुष्कळदा."

रविवारी दुपारी मोजदाद संपली. केसाळ एकही नव्हती.

मासिकाला पत्र बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलं. चारच ओळी होत्या: लेख चुकीचा आहे, मागे घ्यावा, डोळे अधू झाल्याने घोटाळा झाला, दुसऱ्या कोणाचा दोष नाही. सही वाकडी आली. ती त्यांनी तशीच राहू दिली आणि पाकीट बहिणीकडे सरकवलं.

"चहा टाकू?" बहिणीने विचारलं.

"टाक," भर दुपारी पलंगावर अंग टाकत बाई म्हणाल्या, "पण मला उठवू नकोस."